आटवलेला काढा आणि डबीवरचा टक्का

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत मागे पडलं की हिवाळ्यात गाडीच्या काचा बंद असल्या तरी उकळत्या रसाचा वास आत येतो. दौंड तालुक्यात यवत, केडगाव, खुटबाव या पट्ट्यात गुऱ्हाळांची दाटी आहे. चिपाडांचा ढीग, चुलवणातला जाळ, काहिलीवर झुकलेला गुळव्या. हा गावाकडचा जोडधंदा म्हणून आपण तो पाहतो आणि पुढे निघून जातो. रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर मात्र तिथे जे चाललेलं असतं त्याचं नाव एकच: वनस्पतीतून अर्क काढणं आणि तो वाळवणं. ऊस ही वनस्पती, रस हा तिचा पाण्यातला अर्क आणि गूळ हा वाळवलेला अर्क. आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये उसाला स्वतंत्र वर्ग आहेच, तेव्हा त्याला औषधी म्हणायलाही हरकत नसावी.

त्याच रस्त्याने पुढे गेलं की कुरकुंभची औद्योगिक वसाहत लागते. सिप्ला, एमक्युअर यांच्यासारख्या कंपन्यांचे, गोळ्या-कॅप्सूलमध्ये जाणारं मूळ औषध बनवणारे कारखाने तिथे आहेत. तिथलं औषध बहुतेक रासायनिक मार्गाने बनतं, त्याचा वनस्पतीशी थेट संबंध नसतो. पण द्रवातून घन पदार्थ वेगळा काढायचा, तो वाळवायचा आणि शेवटी त्यात नेमकं काय किती आहे ते मोजायचं, हा क्रम तिथेही चुकत नाही. गुऱ्हाळ आणि औषधाचा कारखाना या दोन टोकांच्या मधे एक तिसरा धंदा आहे, वनौषधींचे सुके अर्क बनवण्याचा. औषधाच्या दुकानात डबीवर ‘अश्वगंधा अर्क, ५ टक्के विथॅनोलाइड’ असं छापलेलं असतं, तो हाच माल; विथॅनोलाइड म्हणजे अश्वगंधेतले हवे असलेले घटक. त्या ५ टक्क्यांना अर्थ केव्हा असतो आणि केव्हा नसतो, हे समजायचं तर सुरुवात काहिलीपासूनच करायला हवी.

उसाच्या रसात पाणी सुमारे ८० टक्के असतं. १ किलो पाण्याची वाफ करायला साधारण २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणून गुऱ्हाळात सगळा खेळ जळणाचा असतो आणि उसाची चिपाडं वाळवून तीच चुलवणात घालावी लागतात. रस तापला की मळी वर येते, ती काढायला भेंडीचं चिकट पाणी घालतात. रसाचा आंबटपणा मारायला चुन्याची निवळी पडते. मग पाणी उडत जातं तसा रस घट्ट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदूही वर चढतो. १०५-१०६ अंश सेल्सिअसला काकवी तयार होते. ११६ ते ११८ अंशांना ढेपेचा पाक. आणखी थोडं पुढे, १२० ते १२२ अंशांवर उतरवला तर गुळाची पावडर करता येते. दोनचार अंशांत माल बदलतो. गुळव्याकडे तापमापक असेलच असं नाही. तो पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळवून पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. ही अडाणी पद्धत नव्हे. पाकात उरलेलं पाणी मोजण्याचीच ती एक रीत आहे, आणि सरावलेल्या हातात ती चांगली अचूक असते.

गुळव्याचं एक सुख असं, की त्याला जे हवं आहे तेच रसात सर्वांत जास्त आहे. पाणी सोडलं तर रसात मुख्यतः साखरच. थोडी जळली, थोडी फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झाली, तरी ढेप बनतेच. उलट जळलेल्या साखरेचा रंग आणि वास ही गुळाची ओळखच होऊन बसते. वनौषधीत गणित उलटं असतं. तिथे हवा असलेला घटक शंभरात एखादा भाग, कधी त्याहूनही कमी. बाकीचे नव्व्याण्णव भाग तंतू, पिष्ट, साखर, क्षार, हरितद्रव्य. काहिलीत चालणारी ढिलाई इथे केली तर अर्क गुळासारखाच खमंग आणि तपकिरी दिसेल, फक्त औषध त्यातून निघून गेलेलं असेल.

या भागातलंच उदाहरण घ्यायचं तर अडुळसा घेता येईल. शिरूर-दौंड हा घाटाच्या पर्जन्यछायेतला कोरडा पट्टा. बांधाला, परड्याच्या कुंपणाला अडुळसा लावायची रीत जुनी, कारण शेळ्या-गुरं त्याला तोंड लावत नाहीत. गुरांना नकोसा करणारा हा कडूपणा पानातल्या अल्कलॉइडांशी जोडलेला आहे. डेव्हिड हूपर या ब्रिटिश रसायनज्ञाने १८८८ मध्ये अडुळशाच्या पानांतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं आणि त्याला व्हॅसिसिन हे नाव मिळालं. पुढे विल्यम डायमॉक आणि सी. जे. एच. वॉर्डन यांच्यासह हूपरने ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा भारतीय वनौषधींवरचा ग्रंथ सिद्ध केला, तो आजही अभ्यासक उघडतात. व्हॅसिसिनच्या रचनेवरून सुचलेलं ब्रोमहेक्झिन १९६० च्या दशकात बाजारात आलं. खोकल्याच्या बाटलीवर ब्रोमहेक्झिन किंवा त्याचाच पुढचा अवतार अँब्रोक्सॉल हे नाव वाचताना कुंपणातल्या अडुळशाची आठवण कुणाला होत नाही, पण नातं आहे.

आता हे व्हॅसिसिन स्वभावाने स्थिर नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा काही भाग व्हॅसिसिनोन या दुसऱ्या घटकात बदलतो. पान तोडल्यापासून हे घडू लागतं. पान उन्हात किती वेळ पडलं, ढिगात किती तापलं, काढा हवेत किती वेळ उकळला, त्यावर दोघांचं प्रमाण ठरतं. म्हणजे दोन शेतकऱ्यांनी एकाच झुडपाची पानं वाळवली तरी प्रयोगशाळेत दोन वेगळे आकडे येऊ शकतात, आणि त्यात कुणाची लबाडी असायचं कारण नाही. आजीबाई औषधी पाला सावलीत वाळवा म्हणत, त्यामागे ही कारणं आहेत: थेट ऊन पानाचं तापमान हवेपेक्षा बरंच वर नेतं, प्रकाशानेच काही घटक मोडतात, आणि सुगंधी पानांतलं तेल उडून जातं. मात्र सावली म्हणजे कोंदट खोली नव्हे. पान फार हळू वाळलं तर त्यातली विकरं तेवढा वेळ काम करत राहतात आणि बुरशीलाही सवड मिळते. शिरूरकडच्या कोरड्या हवेत माघ-फाल्गुनात पसरून ठेवलेला पाला लवकर कुरकुरीत होतो. तोच पाला श्रावणात ठेवला तर काळा पडतो. कांद्याची चाळ बांधणाऱ्याला वारा खेळता ठेवण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

उष्णतेने औषध कसं हातचं जातं याचा सर्वांत गाजलेला दाखला चीनचा आहे. मलेरियावर औषध शोधताना तू यूयू आणि त्यांचे सहकारी छिंगहाव या वनस्पतीचे अर्क तपासत होते, पण निकाल कधी चांगले, कधी शून्य. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या गे हाँग याच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यायला सांगितला होता, उकळायला नव्हे. १९७१ मध्ये तू यूयू यांनी पाण्याऐवजी ईथर वापरलं. ते ३५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे अर्काला उष्णता फारशी लागलीच नाही. त्या अर्काने प्राण्यांमधल्या मलेरियावर पूर्ण परिणाम दाखवला आणि त्यातून पुढे आर्टेमिसिनिन हाती आलं. २०१५ चं नोबेल त्यासाठी. वनस्पती बरोबर होती, रोग बरोबर ओळखला होता; अडचण फक्त चुलीची होती.

मग काढा आटवायचा कसा? आयुर्वेदात गुळवेलीचा घन करतात तेव्हा काढा गाळून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत आटवतात आणि मग त्याच्या गोळ्या वळतात. संशमनी वटी ही त्यातलीच. मंद आच हा शब्द वैद्याने फार विचार करून वापरलेला आहे, पण उघड्या भांड्यात पाणी साधारण शंभर अंशांच्या खाली उकळत नाही आणि घट्ट होताना तळ त्याहून तापतो. यावर उपाय हवेचा दाब कमी करण्याचा. बंद भांड्यातली हवा पंपाने ओढून दाब वातावरणाच्या दहाव्या भागावर आणला की पाणी सुमारे ४६ अंशांना उकळू लागतं. हात भाजणार नाही इतक्या तापमानावर काढा आटतो. वनौषधींच्या बहुतेक कारखान्यांत पहिला टप्पा असाच असतो. काढा दाट होतो, काकवीसारखा. त्याला व्यापारात मऊ अर्क म्हणतात.

पुढचा टप्पा पावडर करण्याचा, आणि इथे एक गोष्ट पहिल्यांदा ऐकली की खरी वाटत नाही. औषध उष्णतेने बिघडतं म्हणून एवढी काळजी घेतल्यावर हा दाट काढा चक्क १५० ते २०० अंश तापलेल्या हवेत फवारतात. ही फवारा-वाळवणी नवी नाही. सॅम्युअल पर्सीचं अमेरिकन पेटंट १८७२ चं आहे. उंच पोलादी शंकूसारख्या पात्रात वरून काढ्याचे बारीक थेंब सुटतात, गरम हवा त्यांना भेटते आणि काही सेकंदांत तळाशी कोरडी पावडर पडते. औषध जळत का नाही? कारण थेंब ओला आहे तोवर त्याच्या पृष्ठावरून पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं त्याच कारणाने हा थेंबही, भोवती १८० अंशांची हवा असताना, ५० अंशांच्या आसपासच राहतो. तो कोरडा होईपर्यंत हवाही निवून ८०-९० अंशांवर आलेली असते. वेग मिळतो तो थेंबाच्या लहानपणामुळे. १ लिटर काढ्याचे ५० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर सगळ्या थेंबांचं मिळून पृष्ठफळ १२० चौरस मीटर भरतं. प्रशस्त सदनिकेच्या जमिनीवर लिटरभर काढा पातळ पसरला तर तो किती पटकन सुकेल याचा अंदाज त्यावरून करावा.

म्हणजे औषध वाचवायला तापमान एकटं पुरत नाही. तापमान आणि वेळ दोन्ही एकत्र पाहावी लागतात. काहिलीत शंभर अंशांवर दोन-तीन तास आणि फवाऱ्यात काही सेकंद, यांची तुलना नुसत्या अंशांनी करता येत नाही. शिजवलेल्या भाज्यांबद्दल घरोघरी ज्या चर्चा होतात त्यांत नेमका हा वेळेचा भाग गळलेला असतो.

फवाऱ्याची खरी डोकेदुखी वेगळीच आहे, आणि ती यवतच्या गुळव्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ती म्हणजे चिकटपणा. पावसाळ्यात गुळाची ढेप पाझरते. रसातली साखर जास्त फुटली, ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढलं, की ढेप मऊ राहते, बांधली जात नाही. वनस्पतीच्या अर्कातही या साखरा असतातच, आणि पात्राच्या भिंतीला त्यांचा लगदा चिकटून बसतो. याचं कारण असं, की झटकन वाळलेली साखर स्फटिक होत नाही, ती काचेसारखी अस्ताव्यस्त घट्ट होते. अशा काचेला एक ठरावीक तापमान असतं; त्याच्या वर ती पुन्हा चिकट, रबरासारखी होते. उसाच्या साखरेसाठी ते सुमारे ६२ अंश, ग्लुकोजसाठी ३१ आणि फ्रुक्टोजसाठी अवघं ५ अंश सेल्सिअस. थोडा ओलावा मिळाला तर याहूनही खाली. फ्रुक्टोज भरपूर असलेली पावडर आपल्या हवामानात कोरडी राहणं का अवघड आहे, हे या तीन आकड्यांत सगळं आलं.

यावर कारखानदाराचा उपाय म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन. मक्याचं किंवा टॅपिओकाचं पिष्ट अर्धवट तोडून केलेली ही पांढरी, जवळपास बेचव पावडर. हिचं ते चिकटण्याचं तापमान शंभर अंशांच्याही वर असतं. काढ्यात ती मिसळली की सगळं मिश्रण सुटं राहतं आणि भिंतीला चिकटत नाही. शतावरीसारख्या गोडसर, बुळबुळीत मुळांच्या अर्काला तिच्याशिवाय फवारणं कठीण. यात गैर काहीच नाही, फक्त ती किती घातली ते सांगितलं पाहिजे. १०० ग्रॅम ‘शतावरी अर्क’ विकत घेणाऱ्याच्या पदरात त्यातलं ३० ग्रॅम मक्याचं पिष्ट असेल, तर ते त्याला कळायला हवं. डबीवर ते बारीक अक्षरांतही सापडलं नाही, तर मी ती डबी परत ठेवतो.

अगदीच नाजूक माल असेल तर तो गोठवून वाळवतात. अर्काचा बर्फ करायचा आणि पाण्याच्या त्रिक बिंदूच्या, म्हणजे सुमारे ६ मिलिबार दाबाच्या खाली ठेवायचा. तिथे बर्फ न वितळता थेट वाफ होतो. औषध फार छान टिकतं, पण एका घाण्याला दिवस-दोन दिवस लागतात आणि वीजबिल पाहून मालक गप्प होतो. त्यामुळे प्रयोगशाळेत हे यंत्र सर्रास, वनौषधींच्या कारखान्यात क्वचित.

अर्क वाळला, हे कुणी ठरवायचं? सोपी कसोटी अशी: नमुना तोलायचा, १०५ अंशांच्या भट्टीत ठेवायचा, वजन स्थिर झालं की पुन्हा तोलायचा. घटलेलं वजन म्हणजे पाणी. पण खरंच तेवढंच? तुळस, ओवा, गवती चहा यांत उडणारं तेल असतं. भट्टीत तेही जातं आणि पाण्याच्या खात्यात लिहिलं जातं. म्हणजे माल जितका सुगंधी तितका तो जास्त ओला ठरायचा! म्हणून औषधकोशात ही कसोटी ‘वाळवल्यावर होणारी घट’ अशा सावध नावाने दिलेली असते. फक्त पाणीच मोजायचं तर कार्ल फिशर या जर्मन रसायनज्ञाची १९३५ ची रीत आहे, तिच्यात आयोडीन पाण्याशी नेमक्या प्रमाणात संयोग पावतं.

ओलाव्याचा आकडा क्षुल्लक वाटतो, पण पुढचे सगळे टक्के त्याच्यावर उभे असतात. ताज्या अडुळशाच्या पानात ७५ टक्के पाणी धरलं आणि कोरड्या भागात १ टक्का व्हॅसिसिन धरलं, तर ताज्या पानात ते पाव टक्का होतं. पान वाळवल्यावर आकडा चौपट झाला, म्हणून वाळवल्याने औषध वाढलं असं म्हणणारे लेख लोक एकमेकांना मोठ्या भक्तिभावाने पाठवत असतात. शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीत दुधाच्या किती पट कॅल्शियम आहे हे सांगणाऱ्या तक्त्यांतही हीच हातचलाखी असते: एका बाजूला कोरडी पावडर, दुसऱ्या बाजूला सुमारे ८७ टक्के पाणी असलेलं दूध.

आता मुख्य मोजणी. शिरूरला सीताबाई थिटे औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे, आणि अशा प्रत्येक महाविद्यालयात वनौषधींवर विद्यार्थ्यांचे प्रकल्प चालतात. अशा प्रकल्पांत हमखास वापरली जाणारी एक चाचणी म्हणजे फोलिन-सिओकाल्टो. पिवळसर अभिकर्मक अर्कात घालायचा, निळा रंग येतो, तो किती गडद आहे ते वर्णपटमापकावर वाचायचं आणि ‘एकूण फिनॉल, गॅलिक आम्लाच्या तुलनेत इतके’ असं लिहायचं. स्वस्त, झटपट, आलेखही सुबक येतो. पण हा अभिकर्मक फिनॉल ओळखत नाही. इलेक्ट्रॉन देऊ शकणारं जे काही समोर येईल त्याच्याशी तो निळा होतो: क जीवनसत्त्व, काही साखरा, काही अमिनो आम्लं. आणि गंमत अशी, की साखर आणि अमिनो आम्लं तापून जी तपकिरी द्रव्यं बनतात, गुळाला रंग देणारीच ती, त्यांच्याशीही तो निळा होतो. परिणामी अर्क जास्त तापवला, खरं औषध काही अंशी जळालं, तरी या चाचणीचा आकडा वाढू शकतो. वाळवण्याच्या पद्धतींची तुलना करायला नेमकी हीच चाचणी एकटी वापरणं म्हणजे चोराच्या हातात किल्ल्या देणं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला रंगमापन शिकवायला ती उत्तम आहे. तिच्यावर मालाची किंमत ठरू नये.

घटक एकेक करून मोजायचे तर आधी ते एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. ही युक्ती रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांची. त्यांना पानांतली रंगद्रव्यं वेगळी करायची होती. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी काचेच्या नळीत खडूची भुकटी भरली, वरून पानांचा अर्क ओतला आणि द्रावक सोडत राहिले. प्रत्येक रंगद्रव्य खडूला कमी-जास्त चिकटत, वेगवेगळ्या वेगाने खाली उतरलं आणि नळीत हिरवे-पिवळे पट्टे उमटले. आजच्या यंत्रात खडूच्या जागी सिलिकाचे काही मायक्रॉनचे कण असतात, द्रावक प्रचंड दाबाने ढकलला जातो आणि डोळ्याऐवजी प्रकाशसंवेदक पाहतो. त्याचं नाव एचपीएलसी. स्वस्त भावंड म्हणजे सिलिकाच्या पत्र्यावर ठिपके चढवण्याची पद्धत, टीएलसी. आणि तीच नेमक्या यंत्राने केली की एचपीटीएलसी. वनौषधी खरी की दुसरीच, हे पाहायला ही शेवटची फार सोयीची: एका पत्र्यावर शेजारी शेजारी खरा नमुना आणि बाजारातला नमुना ठेवायचा आणि पट्टे जुळतात का बघायचं.

यंत्र कितीही भारी असलं तरी ते स्वतःहून टक्के सांगत नाही. ते फक्त कागदावर शिखरं काढतं. शिखराखालचं क्षेत्रफळ म्हणजे किती मिलिग्रॅम, हे ठरवायला त्याच घटकाचा शुद्ध, प्रमाणित नमुना लागतो. त्याची ठरावीक वजनं चढवून आधी एक मोजपट्टी आखायची आणि मग अर्क त्या पट्टीवर वाचायचा. हे प्रमाणित नमुने काही मिलिग्रॅमच्या कुप्यांत येतात आणि त्यांच्या किमती ऐकून लहान कारखानदार वर्षभर एकच कुपी पुरवतो. ती कुपी फ्रिजमध्ये ओली झाली की पुढच्या सगळ्या मालाचे टक्के आपोआप चढतात, कारण ज्याला आपण १० मिलिग्रॅम समजतो आहोत त्यात काही पाणीच असतं.

वाळवणी आणि मोजणी एकत्र पाहायची तर जमाखर्च मांडावा. हे आकडे नुसते समजायला धरलेले आहेत. अडुळशाचा १० किलो सुका पाला, त्यात १ टक्का, म्हणजे १०० ग्रॅम व्हॅसिसिन. काढ्यात एकूण २ किलो घन पदार्थ उतरला आणि त्यात ८० ग्रॅम व्हॅसिसिन आलं. २० ग्रॅम चोथ्यात राहिलं. आटवताना आणि वाळवताना ८ ग्रॅम गेलं, उरलं ७२. पावडर सुटी राहावी म्हणून ४०० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन घातलं, आणि वाळल्यावरही १०० ग्रॅम ओलावा राहिला. पावडर झाली अडीच किलो, तिच्यात व्हॅसिसिन २.८८ टक्के. आता हा आकडा एकटा पाहिला तर पाल्यातल्या १ टक्क्याच्या जवळपास तिप्पट म्हणून मिरवता येतो. जमाखर्च पाहिला तर २८ ग्रॅम गमावल्याचं दिसतं, कुठे गमावलं तेही दिसतं, आणि सुधारणा कुठे करायची ते कळतं: मोठी गळती चोथ्यात आहे, वाळवणीत नाही. अशा वेळी नवं महागडं वाळवणी यंत्र घेणाऱ्याला कुणीतरी आवरलं पाहिजे.

याच हिशेबाने ‘दहास एक’ हा व्यापारातला लाडका शब्दही तपासता येतो. म्हणजे १० किलो पाल्याचा १ किलो अर्क. वरच्या उदाहरणात १० किलो पाल्यातून २ किलो घन पदार्थ निघाला, तेव्हा निखळ प्रमाण पाचास एक होतं. आयुर्वेदिक औषधकोशात प्रत्येक वनस्पतीसाठी पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये विरघळणाऱ्या भागाची किमान टक्केवारी दिलेली असते, ती यासाठीच उपयोगी. एखाद्या पाल्याचा पाण्यात विरघळणारा भाग २० टक्के असेल आणि कुणी त्याच्या पाण्यातल्या अर्काला ‘वीसास एक’ म्हणत असेल, तर उरलेला माल कुठे गेला हे विचारावं. त्याच कोशात राखेच्याही मर्यादा असतात. आम्लात न विरघळणारी राख म्हणजे बहुतांशी वाळू. उघड्या खळ्यावर, रस्त्याकडेला वाळवलेला माल या कसोटीला पकडला जातो.

लबाडी करणारा मोजणी शिकून घेतो, हा इथला जुना अनुभव. सांगलीच्या हळदीपासून बनणारा कुरक्युमिन अर्क ९५ टक्के शुद्धतेचा मागितला जातो. वर्णपटमापकावर ४२५ नॅनोमीटरच्या आसपास पिवळा रंग मोजला की आकडा येतो, आणि कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनवलेलं स्वस्त कुरक्युमिन मिसळलं तरी तोच येतो. एचपीएलसीवर मात्र फरक दिसतो, कारण हळदीत एकटं कुरक्युमिन नसतं, त्याची आणखी दोन भावंडं ठरावीक प्रमाणात सोबत असतात. मग लबाड माणूस ती भावंडंही बनवून घालतो. तिथे शेवटी कार्बन-१४ कामी येतो. गेल्या हंगामात हवेतून कार्बन घेतलेल्या हळदीत तो असतो; पेट्रोलियमपासून बनवलेल्या पदार्थात लाखो वर्षांत तो संपून गेलेला असतो. पुराणवस्तूंचं वय काढायची रीत हळदीची भेसळ पकडते.

अश्वगंधेचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. आस्कंद या नावाने ती कोरडवाहू माळांवर आपसूक उगवते. औषधात मूळ वापरायचं असतं. पण विथॅनोलाइड पानांतही असतात, आणि पानं मुळांपेक्षा कितीतरी स्वस्त आणि मुबलक. ‘एकूण विथॅनोलाइड’ एवढंच मोजलं तर पानांचा अर्क मुळांच्या नावाखाली सहज खपतो. पानांत विथाफेरिन-ए जास्त असतं, म्हणून तो घटक वेगळा मोजला की पानांची मिसळ उघड होते. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं टाळायला सांगितलंही होतं. शिवाय विथॅनोलाइड मोजायच्या दोन रीती चालतात: एकीत द्रावकाने वेगळा काढलेला सगळा चिकट भाग सरळ तोलतात, दुसरीत एचपीएलसीवर एकेक शिखर मोजून बेरीज करतात. पहिलीत विथॅनोलाइडांबरोबर आलेलं बाकीचं सगळंही तोललं जातं. त्यामुळे पहिल्या रीतीने ५ टक्के भरलेली पावडर दुसरीने त्याहून बरीच खाली येते, आणि दोन्ही प्रमाणपत्रं आपापल्या जागी खरी असतात. रीत लिहिलेली नसेल तर तो टक्का वाचण्यात अर्थ नाही.

हे सगळं मोजमाप घडतं ते कारखान्याच्या दारात आल्यावर. आस्कंदाची लागवड करणाऱ्याचा माल मध्य प्रदेशातल्या नीमचच्या बाजारात जातो तेव्हा तिथे कुठलंही यंत्र नसतं. व्यापारी पोत्यात हात घालतो, मुळाची लांबी-जाडी पाहतो, मग ते मोडतो. कडकन मोडलं तर वाळलेलं, आत पांढरं निघालं तर चांगलं. पाणी किती उरलंय ते या मोडण्यातून त्याला बरोबर कळतं. विथॅनोलाइडचं मात्र त्यातून काहीच कळत नाही, आणि भाव मोडलेल्या मुळाकडे बघूनच ठरतो.